पावाच्या बाळाची नाडी

कासिल्दा लारुता रस्त्यात भेटली की आधी तुमचं मनगट बघते, मग तोंड. एल आल्तोच्या आमच्या चढावरच्या गल्लीत हे शेंबड्या पोरांनाही ठाऊक आहे. बाजारात बटाटेवालीने सुटे पैसे द्यायला हात पुढे केला की कासिल्दाचा अंगठा आपसूक तिच्या नाडीवर जाऊन बसतो. बटाटेवाली म्हणते, "दोन्या कासिल्दा, बटाटे मोजून घे, मला काय मोजतेस?"

तिचा धंदाच तो. खाली ला पास शहरात एक प्रयोगशाळा आहे. उंचावर जन्मलेल्या माणसांची काळजं कशी चालतात, घाबरली की किती धावतात, झोपली की किती मंदावतात, याचा तिथे अभ्यास चालतो. मोजणारे पट्टे परदेशातून खोक्यांत भरून येतात. माणसं मात्र इथे वर राहतात, चार हजार मीटरवर, आणि ती काही खोक्यांत भरून येत नाहीत. तेव्हा पट्टे आणि माणसं यांची गाठ घालून द्यायला एक बाई लागते. अकरा वर्षं ती बाई म्हणजे कासिल्दा. त्याआधी ती दहा-दहा वार कापडाचे घेरदार घागरे, पोयेरा, शिवायची, येणाऱ्या बाईच्या कमरेचं माप नुसत्या नजरेने घ्यायची. कमरेवरून मनगटावर आली, एवढंच.

तिचे नियम तीन, आणि ते पाठ नसलेलं घर आमच्याकडे नाही. पट्ट्याखाली एक बोट जावं, दोन जाऊ नयेत. बांधल्यावरची पहिली दहा मिनिटं धरायची नाहीत, कारण पट्टा अंगाला रुळायला वेळ लागतो, नव्या सुनेसारखा. आणि बांधलेल्याला आपला आकडा दिसता कामा नये, नाहीतर तो आकडाच बघत बसतो आणि काळीज बुजतं. म्हणून पट्ट्याच्या इवल्याशा काचेवर ती काळी चिकटपट्टी लावून देते.

एवढं करूनही पट्ट्यांनी अकरा वर्षांत काय काय थापा मारल्या, त्याची कासिल्दाकडे लांबलचक यादी आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर मिनीबस हाकणारा दिवसाला वीस हजार पावलं चालल्याचं दिसायचं, बुड सीटवरून न हलता. एका बाईने थंडीमुळे पट्टा स्वेटरवरून बांधला आणि आठवडाभर ती स्वेटरची नाडी देत राहिली. आमच्या चौकातल्या एका महाभागाने चालण्याचा कंटाळा आला म्हणून पट्टा कुत्र्याच्या गळ्यात घातला. त्याचा अहवाल बघून खालचे डॉक्टर त्याला तातडीने भरती करायला निघाले होते. कासिल्दा म्हणते, ही यंत्रं उबदार देशातल्या गोऱ्या मनगटांवर शिकली. आमची सावळी कातडी आणि गार बोटं दिसली की ती चाचरतात, आणि चाचरणारा माणूस जसा काहीतरी ठोकून देतो तशी ठोकून देतात.

हे ती हसत सांगायची. गेल्या ऑक्टोबरपर्यंत.

तिचा नवरा दामासो तारकी. तीस वर्षं मिनीबस चालवली, अंगाने आडवा, गाल लाल, आणि ओठ जांभळे. इथे काहींना उंचीचं एक दुखणं लागतं, रक्त वाढत जातं आणि काकवीसारखं दाट होतं. डॉक्टर म्हणतात, खाली उतरा, गरम मुलखात जाऊन राहा. दामासो म्हणायचा, "खाली माझं कोण आहे? वर निदान भांडायला बायको आहे." अभ्यासासाठी एक माणूस कमी पडत होता, म्हणून कासिल्दाने त्याचंच नाव घातलं आणि सतरा नंबरचा पट्टा त्याच्या उजव्या हाताला बांधला.

"चावतो गं हा," तो म्हणायचा.

"एक बोट जातंय, म्हणजे बरोबर आहे."

"तुझं बोट जातंय. हात माझा आहे."

जुलैत तो अंथरुणाला खिळला तेव्हा त्याचं मनगट सुजायचं आणि ओसरायचं. पट्ट्याचे वळ उठले. ते बघून कासिल्दाने पट्टा एक भोक सैल केला. अकरा वर्षांत नियम मोडला तो तेवढाच.

चार दिवस तो पडून होता. दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं, उद्या सकाळी खाली न्या. त्याच संध्याकाळी, दिवस मावळत असताना, एक श्वास आत गेला आणि बाहेर आला नाही. भिंतीवरच्या घड्याळात सहा दहा झाले होते. खोलीत अंधारून आलं होतं, त्याला उजेड खुपायचा म्हणून वरचा दिवा लावलेला नव्हता. कासिल्दाने थोडा वेळ वाट बघितली. मग त्याचे डोळे मिटले, काड्यापेटी शोधली, त्याच्या उशाला उजव्या हाताशी स्टुलावर मेणबत्ती पेटवली, आणि कोमाद्रे रुफिनाला सांगायला बाहेर पडली. रुफिनाच्या धाकटीच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून कासिल्दाच उभी राहिली होती, तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतात आणि त्या नात्याच्या जोरावर काहीही बोलतात.

रुफिनाची कोपऱ्यावर आपीची गाडी आहे. जांभळ्या मक्याची दाट, गरम आपी आणि सोबत चीज भरून तळलेली पुरी. बातमी ऐकून रुफिनाने तिला बाकावर बसवलं, हातात ग्लास दिला आणि म्हणाली, "आधी हे पोटात घाल. रडायलाही ताकद लागते." कासिल्दाने दोन ग्लास संपवले. एक पुरीसुद्धा खाल्ली. मग दोघी घरी आल्या, आणि त्याला आंघोळ घालायची म्हणून सहा चोपन्नला कासिल्दाने पट्टा सोडला.

सतरा नंबर शिवणाच्या डब्यात बटणांखाली जाऊन पडला. तो तिने ऑक्टोबरात प्रयोगशाळेत परत नेला.

तिथे अबिगाईल नावाची एक पोरगी आहे, सव्वीस वर्षांची, चष्मेवाली. पट्टे कितपत खरं सांगतात हाच तिच्या अभ्यासाचा विषय. पोरगी हुशार, फक्त कुठली गोष्ट केव्हा बोलावी हे तिच्या हुशारीला अजून कळायचं आहे.

"दोन्या कासिल्दा, एक विचारू? दॉन दामासोंची वेळ तुम्ही सहा दहा लिहिली आहे."

"सहा दहाच होती."

"घड्याळ थोडं पुढेमागे?"

"मिनीबसवाल्याच्या घरचं घड्याळ आहे ते. का गं?"

अबिगाईलने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. सहा दहाला रेघ तुटलेली होती. चार मिनिटं काहीच नाही. सहा चौदाला ती पुन्हा सुरू झाली होती आणि छान चालली होती, बासष्ट, एकसष्ट, बासष्ट, चौसष्ट. सहा चोपन्नपर्यंत.

"म्हणून म्हटलं, वेळ चुकली असेल," अबिगाईल म्हणाली. "तसं असेल तर आपण वेळ सुधारू. नसेल तर नोंदीचं काय करायचं ते ठरवावं लागेल."

कासिल्दा "बासष्ट" एवढंच म्हणाली, पिशवी उचलली आणि घरी आली.

आता ज्याने त्याने आपल्या छातीवर हात ठेवून विचार करावा. ही बाई बटाटेवालीची नाडी बघते, बँकेतल्या पहारेकऱ्याची बघते, एकदा तर मिरवणुकीत नाचणाऱ्या अस्वलाच्या वेषातल्या माणसाची बघितली होती. त्या संध्याकाळी तिने सगळं केलं, डोळे मिटले, मेणबत्ती लावली, पण नवऱ्याच्या मनगटावर अंगठा ठेवला नाही. छाती हलेना, तेवढं तिला पुरे वाटलं. आणि आता तिचाच पट्टा सांगत होता की चार मिनिटं थांबून त्याचं काळीज पुन्हा चालू झालं, आणि चाळीस मिनिटं तो एकटा पडून होता, आणि बायको कोपऱ्यावर पुरी खात होती.

त्यानंतर कासिल्दा बदलली. बसल्या जागी ती स्वतःची नाडी धरून बसायची, आणि मोजत असायची ती मात्र दुसऱ्याचीच. आपीचा वास आला की तोंड फिरवायची. रुफिनाच्या गाडीसमोरून जायचं टाळून पलीकडच्या फुटपाथने, चिखलातून जायची. एकदा आरशात तिला स्वतःचे ओठ जांभळे दिसले, तर ती हाताच्या पाठीने ते पुसत राहिली, पार सोलेपर्यंत. आपी पिऊन तीन महिने झाले होते. घरात शिरताना ती दार वाजवायची. आतून कोण उघडणार होतं?

आठवड्याने तिने अबिगाईलला गाठलं. "पट्टा खोटं बोलतो का?"

"खोटं नाही बोलत. चुकतो. त्याला ठोका शोधायला शिकवलंय, तो बिचारा शोधतो. कधी कधी नसलेलाही सापडतो त्याला."

"आणि त्या दिवशी?"

या खेपेला अबिगाईलने पडदा तिच्याकडे वळवला नाही. तेवढं शहाणपण तिला आलं होतं. मग म्हणाली, "कळायचा एकच मार्ग आहे. जीव नसलेल्या वस्तूला बांधून बघायचं. मनगटाएवढं काहीतरी. त्यालाही नाडी दाखवली तर समजायचं, तसं होऊ शकतं."

कासिल्दाने सतरा नंबर मागून घेतला आणि पिशवीत टाकला.

जीव नसलेलं आणि मनगट असलेलं घरात काय असतं? ऑक्टोबरच्या शेवटी आमच्याकडे हा प्रश्न पडत नाही. तोदोस सांतोस तोंडावर आला होता. एक नोव्हेंबरला दुपारी बाराच्या ठोक्याला मेलेले घरी येतात आणि दोन तारखेच्या बाराला परत जातात. त्यांच्यासाठी टेबल मांडायचं, त्यावर उतरायला पावाची शिडी, काठीला ऊस, वाटेत पाणी प्यायला पोकळ पातीचा कांदा, आणि मधोमध पावाचं बाळ, मैद्याच्या अंगाला मातीचा रंगवलेला चेहरा. आलेला जीव त्या बाळात उतरतो. दामासोचं पहिलं वर्ष, म्हणजे बाळ चांगलं हातभर हवं. कासिल्दाने ठरवलं की तीस तारखेला भट्टी मिळाली आहे, एकतीसला बाळ घरी, बाळाच्या हाताला पट्टा बांधायचा. तेव्हा ते नुसता मैदा, अंडी, साखर आणि बडीशेप. सणाच्या आदल्या दिवशी पावात पावच असतो.

पण एल आल्तोत त्या आठवड्यात भट्टी मिळणं म्हणजे स्वर्गात खोली मिळणं. तीस तारखेला कुणाचा तरी पावाचा घोडा करपला, त्याने पुन्हा मळलं, रांग पुढे ढकलली. एकतीसला पीठ संपलं. कासिल्दाचं बाळ भट्टीत गेलं ते एक तारखेच्या सकाळी, नऊ वाजता. रांगेत रुफिना मागेच उभी होती, डोक्यावर परात घेऊन.

"कोमाद्रे, माझ्या आपीत काय माशी पडली का?"

"नाही."

"मग चिखलातून का जातेस? गल्ली म्हणते आपण भांडलो. मी म्हटलं, भांडलो असतो तर मला आधी कळलं असतं."

कासिल्दाने भट्टीच्या धगीकडे बघत सगळं सांगितलं, सहा दहा, सहा चौदा, बासष्ट. रुफिनाची बडबड थांबली, आणि आमच्या गल्लीत हे क्वचितच घडतं.

"ग्लास मी दिला होता," डोक्यावरची परात खाली ठेवत ती म्हणाली. "दुसरापण मीच दिला."

"प्याले मी."

बाळ घेऊन घरी यायला साडेअकरा झाले. रुफिना मदतीला आली. टेबलावर काळं कापड, खिडकीला काळं कापड, संत्री, कोकाची पानं, त्याच्या आवडीची शेंगदाण्याची वाटी. येणाऱ्याला वाट दिसावी म्हणून मेणबत्त्या पेटवल्या. बाळाच्या गालाला भट्टीवाल्याने इतका लाल रंग फासला होता की रुफिना म्हणाली, "दामासोच आहे. फक्त ओठ जांभळे करायचे राहिले."

बाराला दहा कमी असताना कासिल्दाने बाळाच्या उजव्या हाताला पट्टा बांधला. पावाचा हात बारीक, शेवटच्या भोकातही दोन बोटं जात होती.

"हे काय गं?"

"बघायचंय. अजून दहा मिनिटं आहेत तो यायला."

आणि इथे तिचा धंदा तिला नडला. दुसरी कुणी असती तर तिने लगेच काच बघितली असती. पण पहिली दहा मिनिटं धरायची नाहीत, हे अकरा वर्षं सांगणारी बाई स्वतःच्या हाताने तो नियम कसा मोडणार? एकदा मोडला होता तेवढा पुरे होता. काळी चिकटपट्टी न काढता ती हात बांधून उभी राहिली. दहा मिनिटं संपली, तिने नखाने चिकटपट्टीचं टोक उचललं, आणि बाहेर चर्चची घंटा सुरू झाली. फटाके उडाले. सगळ्या गल्लीचे मेलेले घरात शिरायला लागले.

काचेत बासष्ट होतं.

रुफिनाने छातीवर क्रूस काढला. "आला."

 कासिल्दाने बाळाच्या मातीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि खुर्चीवर बसली. एकसष्ट. चौसष्ट. बासष्ट.

गुपित आणि रुफिना यांचं जमत असतं तर ती आपीची गाडी कशाला चालवती? तासाभरात दारात रांग लागली. प्रार्थना म्हणायची, पाव घ्यायचा आणि जाता जाता काच बघायची.

"जिवंतपणी नव्वदच्या खाली नव्हता," शेजारचा वेल्डर म्हणाला. "मेल्यावर तब्येत सुधारली."

"बायको जवळ नाही, म्हणून," दुसरा म्हणाला.

"जवळच तर बसली आहे. मघापासून दोनने वाढलाय बघ."

बटाटेवालीने तर बाळाच्या कानाशी वाकून जुनी उधारी माफ केल्याचं सांगितलं आणि लगेच आकडा बघितला, की दामासोला आनंद झाला का. एक माशी येऊन पट्ट्यावर बसली. सणाला माशीला हाकलत नाहीत, कोण असेल काय सांगावं, म्हणून सगळे श्वास रोखून ती उडायची वाट बघत उभे राहिले.

गल्लीला आनंद होता. आमच्या गल्लीतल्या कुणा मेलेल्याने आजवर अशी पोच दिली नव्हती. फक्त कासिल्दा त्या खुर्चीवर दगडासारखी बसून होती. तिला हवं होतं एवढंच, की पावाला नाडी लागावी आणि पट्टा खोटा ठरावा. पावाला नाडी लागली होती. पण बाराच्या ठोक्याला लागली होती. पट्टा खोटा असेल तर दामासो सहा दहाला गेला, आणि ती कुणाला टाकून गेली नव्हती. पण हा जर दामासोच असेल, तर पट्टा त्याला ओळखतो. मग जुलैतही त्याने ओळखलं असेल.

दुसऱ्या दिवशी बाराला त्याला निरोप दिला. टेबल मोडलं, सगळे कबरस्तानात गेले, तिथे खाल्लं, प्यायलं, बँडवाल्यांकडून त्याचं आवडतं गाणं वाजवून घेतलं. बाळ मात्र कासिल्दाने कुणाला मोडू दिलं नाही. ते शालीत गुंडाळून परत आणलं, तीन वाजता रिकाम्या टेबलावर निजवलं, पट्टा पुन्हा बांधला, त्याच भोकात. आज तिने पूर्ण दहा मिनिटं घड्याळ बघितलं, मग काच.

दोन रेघा. आकडाच नाही.

वीस मिनिटं. दोन रेघा. तासभर. दोन रेघा.

काळ्या कापडाच्या अंधारात ती त्या दोन रेघांसमोर बसली होती. काल बारा ते आज बारा नाडी होती, निरोप दिला आणि गेली. याहून चोख पुरावा कुठल्या प्रयोगशाळेने दिला असता? पट्टा चुकत नव्हता. असला की असल्याचं सांगत होता, नसला की नसल्याचं. आणि जुलैत चाळीस मिनिटं तो असल्याचं सांगत होता.

साडेचारला दार वाजलं. कासिल्दा दचकून उभी राहिली, खुर्ची पडली. दारात अबिगाईल होती, हातात पांढऱ्या फुलांचा जुडगा, केबल कारच्या रांगेत चुरगळलेला.

"उशीर झाला का? बारापर्यंतच असतं ना?"

"शहरातल्यांना उशीरच होतो. ये."

कासिल्दाने तिला पाव दिला, सूप दिलं, आणि मग सगळं सांगितलं, तारीख आणि वेळेसकट, अहवाल द्यावा तसं. अबिगाईलने चमचा ठेवला, वही काढली.

"काल होती, आज नाही. बरोबर? मग काल आणि आज यांत काय वेगळं आहे ते लिहू."

"काल तो होता."

अबिगाईलने लिहिलं. मान वर न करता म्हणाली, "एक, दॉन दामासो. दुसरं?"

कासिल्दाला त्या पोरीचा पहिल्यांदाच जिव्हाळा वाटला. "माणसं होती. शंभरेक आली असतील."

"दोन, माणसं. बारालाच होती?"

"नाही. तेव्हा मी आणि रुफिना."

"मग ती खोडू. खिडकीचं कापड?"

"तेच आहे."

"पट्ट्याचं भोक?"

"तेच, शेवटचं. दोन बोटं जातात. हात बारीक आहे." ती थांबली. पट्टा कातडीला घट्ट का बांधायचा, हे तिने हजार जणांना समजावलं होतं. पट्ट्याच्या पोटात हिरवा दिवा असतो, तो कातडीतल्या रक्ताची भरती-ओहोटी बघतो. सैल असला की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि तो उजेडच मोजत बसतो. हे ती दर आठवड्याला म्हणायची, प्रार्थनेसारखं, आणि प्रार्थनेकडे आपण जितकं लक्ष देतो तितकंच स्वतःच त्याकडे देत होती. "काल मेणबत्त्या होत्या," ती म्हणाली.

अबिगाईलने पेन्सिल खाली ठेवली.

कालच्या मेणबत्त्यांतलं एकच बोटभर थोटूक उरलं होतं. कासिल्दाने ते बाळाच्या उजव्या हाताशी बशीत रोवलं आणि पेटवलं. दाराखालून येणाऱ्या झुळकीने ज्योत हलत होती, वाकायची, सावरायची, वाकायची. काचेत दोन रेघा होत्या. मिनिट झालं. मग अठ्ठावन्न. मग साठ. मग बासष्ट.

 कासिल्दाने पट्टा काढला, पावाच्या मनगटाला दोन फेरे कापडाची पट्टी गुंडाळली आणि वरून पट्टा बांधला, आता एकच बोट जाईल असा. दोन रेघा. कापड सोडलं, सैल केला. बासष्ट.

"मी डोळे मिटले," ती हळूहळू म्हणाली. "मग काड्यापेटी शोधली. ती चुलीमागे पडली होती, सापडेना. चार मिनिटं लागली असतील."

"सहा चौदा," अबिगाईल म्हणाली.

"उजव्या हाताशी लावली. पट्ट्याच्या बाजूला. आणि पट्टा मीच सैल केला होता. त्याला चावायचा."

नोंदवही प्रयोगशाळेची, पण अशी दुरुस्ती ज्याने पट्टा बांधला त्याच्याच हातची लागते. अबिगाईलने ती पुढे सरकवली. कासिल्दाने चष्मा लावला आणि शाळकरी मुलीसारखं सावकाश लिहिलं: सतरा नंबर, सहा चौदा ते सहा चोपन्न, मेणबत्ती. पट्टा एक भोक सैल. ही मिनिटं धरू नयेत. खाली सही केली. मग बराच वेळ सही वाळायची वाट बघावी तशी ती त्या ओळीकडे बघत राहिली.

अबिगाईल गेली. वही घेऊन गेली, पट्टा उद्या आणा म्हणाली. थोटूक अजून जळत होतं.

खरं म्हणजे आता फुंकर मारून उठायला हरकत नव्हती. पट्टा चुकला हे सिद्ध झालं होतं, तिच्याच अक्षरात लिहिलं गेलं होतं. दामासो सहा दहालाच गेला होता. पण ती उठली नाही. पडलेली खुर्ची उचलून तिने टेबलाजवळ घेतली आणि बाळाच्या त्या बारीक मनगटाशेजारी आपला हात ठेवला.

थोड्या वेळाने रुफिना आली, शालीखाली ग्लास झाकून. आपीचा वास खोलीभर झाला. रुफिनाने आधी काच बघितली, मग ज्योत, मग कासिल्दाचं तोंड, आणि शेजारच्या बाईला जे समजायचं ते समजलं.

"मेणबत्तीच होती?"

"मेणबत्तीच."

"म्हणजे काल शंभर माणसांनी मेणबत्तीशी गप्पा मारल्या."

"बटाटेवालीने उधारी माफ केली."

"ती आता परत मागता येत नाही," रुफिना म्हणाली. ती हसली नाही. "पी. गरम आहे."

"ठेव तिथे. हे संपू दे."

"गार होईल कोमाद्रे."

"होऊ दे."

रुफिनाला गप्प बसणं जमत नाही, पण दाराशी बाकावर ती बसली आणि गप्प बसली. बाहेर दिवस मावळत होता. थोटकाचं मेण बशीत पसरलं, वात आडवी झाली, ज्योत एकदा उंच होऊन बाळाचे लाल गाल उजळवून गेली, आणि विझली. धुराची वाट छताकडे गेली. अंधारात तेवढी काच दिसत होती.

बासष्ट.

कासिल्दाला ठाऊक होतं. पट्ट्याला शेवटचा आकडा थोडा वेळ धरून ठेवायची खोड असते, अर्धं मिनिट, कधी मिनिटभर. तिने हे शेकडो जणांना सांगितलं होतं, घाबरू नका, तो मागचाच आहे. तिने घड्याळाकडे बघितलं नाही. अंगठा पावाच्या मनगटावर ठेवला, जिथे नाडी असते तिथे, आणि तो तसाच दाबून धरला. पाव गार होता. बासष्ट तसंच होतं. बाकावर रुफिना पुटपुटत काहीतरी मोजत होती.

मग दोन रेघा आल्या.

कासिल्दा आणखी थोडा वेळ बसली. मग हात काढला, चाचपडत ग्लास शोधला आणि थंडगार आपी एका दमात संपवली.